खांबांच्या घरातलं झुलतं दार

वायलीन हॉकटने बावीस वर्षं एका घरात स्वयंपाक केला आणि त्या घराच्या पुढच्या दारातून ती कधी आत गेली नाही. कुणी मनाई केली होती असंही नाही. गाडी मागे लावायची, एप्रन मागच्या खुंटीला, तेव्हा आम्ही आपल्या मागूनच. आम्ही म्हणजे वायलीन आणि मी, नदीन. ती मुख्य स्वयंपाकीण, मी सॅलड आणि भांडी. सोळा वर्षं मी तिच्या डाव्या हाताला उभी राहिले, त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगेन ते ऐकीव नाही.

घर म्हणजे कॉलेजातल्या मुलींची सोरोरिटी, निवडून घेतलेल्या मुलींचा एकत्र राहायचा क्लब. नावाला तीन ग्रीक अक्षरं आहेत, पण पुढे सहा पांढरे खांब आहेत म्हणून आम्ही कामाच्या बायका त्याला खांबांचं घर म्हणतो. अशी पंधरा घरं आमच्या गावात एकाच रस्त्यावर आहेत. प्रत्येकात शे-सव्वाशे मुली, सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणणाऱ्या. खांबांच्या घरात शिरलेल्या मुलीला पुढे नोकरी, नवरा आणि चर्चमधलं पुढचं बाक आपोआप मिळतं असं म्हणतात. अलाबामात तरी ते फारसं खोटं नाही.

वायलीन गिरणीच्या वस्तीत वाढलेली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पहिला नवरा प्रुइट, तो टेक्सासला कामाला म्हणून गेला तो गेलाच. मागे एक मुलगी ठेवून गेला, जोनेल. पुढे ट्रक दुरुस्त करणाऱ्या हॉकटशी तिने लग्न केलं. सज्जन माणूस, पण जेवताना बोलायचा नाही. वायलीनही कमीच बोलायची. शंभरावर मुलींची नावं तिला पाठ असायची. कोण जेवत नाही, कोणाच्या घरी आईबाप भांडताहेत, कोणाला अंडं चालत नाही, सगळं ठाऊक. कुणी तापाने पडली की न सांगता वर सूप जायचं. त्या मुलींतल्या दहाजणींना तरी वायलीनचं आडनाव माहीत असेल तर मी नाव बदलीन.

आणि तिचा लिंबाचा केक. नऊ पातळ थर, मधे लिंबाचं दाट पिवळं सारण. तो वर्षातून एकदाच व्हायचा आणि कुणासाठी, ते पुढे येईलच.

जोनेल आमच्याच स्वयंपाकघरात वाढली म्हटलं तरी चालेल. सुट्टीत तिला सांभाळायला कुणी नव्हतं, मग ती पिठाच्या टेबलाखाली रंगाचे खडू घेऊन बसायची. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधे एक झुलतं दार आहे, दोन्हीकडे उघडणारं. आमचे हात भरलेले असतात, म्हणून आम्ही ते पाठीने ढकलतो. सात वर्षांची असताना पलीकडे मुलींचं गाणं चाललेलं ऐकून जोनेलने आमच्यासारखंच पाठीने दार ढकललं आणि गेली पलीकडे. थोड्या वेळाने एका मुलीने तिला हाताला धरून परत आणलं. हातात दोन बिस्किटं दिली होती.

"ही कुणाची? आतच असू द्या हं हिला, मिस वायलीन. पाहुणे आलेत," ती मुलगी म्हणाली. गोड बोलली, त्यात काही खोट नव्हती.

ती गेल्यावर जोनेल म्हणाली, "मम्मा, मोठी झाले की मी दाराच्या त्या बाजूला राहणार."

वायलीन हसली. मीही हसले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाराव्या वर्षापासून जोनेलने आमच्या स्वयंपाकघरात येणं सोडलं. अभ्यासात पोरगी तल्लख. अठ्ठ्याण्णव साली शिष्यवृत्ती मिळवून ती आमच्याच कॉलेजात लागली, आणि जुलैत एका रविवारी वायलीनच्या घरी जेवताना तिने बॉम्ब टाकला. मीही ताटावर होते.

"मी रशला नाव दिलंय," जोनेल म्हणाली.

रश म्हणजे ऑगस्टमधला तो आठवडा, वर्ग सुरू व्हायच्या आधीचा. नव्या मुली घरोघर फिरतात, घरं मुलींना पारखतात, मुली घरांना. रोज दोन्हीकडून नावं गळत जातात. शेवटी उरतात ती एक किंवा दोन घरं.

वायलीनने काटा खाली ठेवला. "पंधरा घरं आहेत. आमचं सोडून कुठलंही घे."

"पहिल्या दिवशी सगळ्याच घरांत जावं लागतं, मम्मा. नियमच आहे."

"मग जा आणि ये. जीव लावू नकोस."

"आणि लागला तर?"

वायलीनने काटा पुन्हा उचलला. हॉकट आणखी बटाटे वाढून घेत होता. जोनेल उठून गेल्यावर वायलीन मला हळूच म्हणाली, "बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरींना मिस म्हणतेय, नदीन. माझ्या पोटच्या पोरीला म्हणणार नाही. ती त्या घरात आली, की मी त्या घरातून गेले."

"पोरीला हे सांग की मग."

"सांगितलं तर ती माझ्यासाठी नको म्हणेल, आणि जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडेल. तिचं तिला ठरवू दे."

तोंडाने हे बोलली खरी, पण पाय वेगळ्याच वाटेने गेले. खांबांच्या घरात विचार व्हायचा तर तिथल्या एखाद्या जुन्या सिस्टरचं शिफारसपत्र लागतं. ज्यांच्या आया-आज्या तिथल्या, त्यांना ते घरबसल्या मिळतं. आमच्या पोरीला कोण देणार? वायलीनने चर्चचा पोशाख चढवला आणि गेली मिसेस स्टॉलवर्थकडे. ही बाई कॉलेजात, आमच्याच घरात असताना सहा आठवडे आजारी पडली होती, आणि ते सहा आठवडे वायलीनच्या सुपावर निघाले होते. बाईने पत्र दिलं, लगेच दिलं. 'या कुटुंबाला मी वीस वर्षं ओळखते, मुलगी चांगल्या घरातली आहे,' असं लिहिलं. ओळख कुठली, ते लिहिलं नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वायलीन," ती म्हणाली. "पोरीच्या भल्यासाठीच म्हणतेय मी."

वायलीनने मान डोलावली. आडनावं वेगळी, घरची देखरेख करणारी बाई नवी, जोनेलला त्या घरात कुणी सहा वर्षांत पाहिलेलं नाही. मूठ झाकून राहायला काहीच अडचण नव्हती. मला मात्र राग आला होता, आणि तो मी तेव्हाच बोलून दाखवला. वायलीन म्हणाली, "तुला मूल नाही, नदीन." त्यावर मी चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले.

रशच्या आदल्या दिवशी ती मिठाच्या डब्यात काहीतरी ठेवताना मला दिसली. ती गेल्यावर मी डबा उघडला. माझा स्वभाव आहे तो. आत चार ओळींचा राजीनामा होता, तारीख सोडून सगळं लिहिलेलं.

त्या आठवड्यात स्वयंपाकघराला वेगळे नियम असतात. झुलतं दार मिटलेलं. भांडी आपटायची नाहीत. आपण दिसायचं नाही, आणि पाहुण्या मुलींशी एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने साठ-साठ मुली येत होत्या आणि आमच्या मुली जिन्यावर उभ्या राहून टाळ्या पिटत गात होत्या. छप्पर हलत होतं. वायलीन काकडीची सँडविचं कापत होती आणि प्रत्येक घोळका आत आला की तिचं कापणं थांबत होतं. कितव्या घोळक्यात जोनेल होती ते आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीही ती आली. म्हणजे घराने तिला परत बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशीही आली, आणि या खेपेला आम्हाला ती ऐकू आली.

जेवणाच्या खोलीकडे आमची एक वाढपाची खिडकी आहे, लाकडी झडप असलेली. झडपेपाशीच बसून ॲशबी बोलत होती. ॲशबी म्हणजे त्या मिसेस स्टॉलवर्थचीच मुलगी, तिसऱ्या वर्षाला, रशची सगळी सूत्रं तिच्याकडे. पोरगी वाईट नव्हती. आवाज मात्र घंटेसारखा.

"आणि तुझी आई काय करते?" ॲशबीने विचारलं.

"घरीच असते." आवाज जोनेलचा. वायलीनच्या हातात लिंबू होतं. "तिला स्वयंपाकाची फार हौस आहे."

"मग तिला आमच्या मिस वायलीनला भेटवायला हवं. अगं, देवमाणूस आहे ती. तिच्या हातचा केक खाशील तर घर विसरशील."

"कोण मिस वायलीन?" जोनेल म्हणाली.

इतकं सहज म्हणाली, की क्षणभर मलाही खरं वाटलं. वायलीनची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. लिंबाच्या चकत्या एकसारख्या पडत होत्या, ते बघून माझं डोकं आणखी भडकलं.

"मी जाते बाहेर. सांगते त्या दोघींना कोण मिस वायलीन ते," मी पुटपुटले.

"तू काकड्या चीर."

"अगं, ऐकलंस ना काय म्हणाली?"

"ऐकलं. मूठ मी झाकलीये, नदीन. ती नुसती माझ्या शब्दाला जागतेय." तिने सालं गोळा करून बादलीत टाकली. "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?"

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. अंडी फेटता फेटता तिने सांगितलं, की काल संध्याकाळी वसतिगृहातून जोनेलचा फोन आला होता. दोनच घरं उरली होती. एक आमचं. दुसरं रस्त्याच्या अगदी टोकाला असलेलं विटांचं घर, तीसेक मुलींचं, ज्याला कुणी मोजत नाही.

"म्हणाली, मी तुमचंच लिहिणार, मम्मा. लहानपणापासून मला तेच हवंय."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मग तिने विचारलं, तू आतच असशील ना? दाराच्या बाहेर तर येणार नाहीस ना?" वायलीनने फेटणं थांबवलं नाही. "म्हटलं, बावीस वर्षं मी आतच आहे."

शनिवारची दुपार म्हणजे शेवटची बैठक. हिच्यासाठी तो लिंबाचा केक. पडदे ओढतात, पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या. प्रत्येक नव्या मुलीसमोर घरातली एक मोठी मुलगी बसते आणि तू आमची का व्हावीस ते कुजबुजत सांगते. बऱ्याचजणी रडतात. इथून उठलं की मुली थेट कॉलेजच्या सभागृहात जातात, आणि मधे कुणाशी म्हणजे कुणाशीही बोलायचं नसतं, फोन नाही, घरच्यांना भेटणं नाही. तिथे कार्डावर पहिली पसंती, दुसरी पसंती लिहून सही करायची. एकदा सही केली की मागे फिरता येत नाही. जे घर बोलावेल तिथे जा, नाहीतर वर्षभर कुठेच नाही.

जोनेल आधी विटांच्या घरी जाऊन मग आमच्याकडे आली. दाराच्या फटीतून मी पाहिलं. वायलीनने पाहिलं नाही, ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. पांढऱ्या पोशाखात पोरगी खरंच त्या घरातली दिसत होती. समोर ॲशबी. ॲशबी काहीतरी सांगत होती आणि जोनेलचे डोळे भरून आले होते. ते खोटे अश्रू नव्हते. अकरा वर्षं वाट पाहिली होती तिने.

केक संपला. मुलींनी प्लेटा तशाच टेबलावर ठेवल्या, चुरा सांडलेला, काटे कसेही पडलेले. त्या घरातल्या मुली तसंच ठेवतात, त्यांच्या आयाही तसंच ठेवायच्या. कुणीतरी उचलणार असतं. ॲशबी दुसऱ्या टेबलावर कुणाला तरी हाक मारायला वळली. आणि आमच्या जोनेलने काट्याने प्लेट खरवडली, शेजारणीची प्लेट आपल्या प्लेटवर ठेवली, दोन्ही काटे वर आडवे ठेवले, उठली, आणि सरळ आमच्याकडे चालत आली. विचार करून नव्हे. स्वयंपाकघरात वाढलेल्या पोरीचे हात ते, रिकामी प्लेट समोर ठेवून बसणं त्यांना जमत नाही. दारापाशी आली, वळली, पाठीने दार ढकललं आणि आत आली.

दार मागे झुलत राहिलं. तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. पलीकडे सगळी खोली गप्प झालेली मला ऐकू येत होती. दार झुललं की ॲशबीचा चेहरा दिसायचा, पुन्हा झुललं की जायचा. ती उठून इकडेच येत होती. त्या खोलीतल्या एकाही मुलीने आजवर ते दार पाठीने उघडलेलं नव्हतं.

जोनेल आईकडे बघत होती. रंग उडालेला. ओठ हलत होते, पण बोलली असती ते कुठल्या बाजूने, हे मी आजही सांगू शकत नाही.

तेवढ्यात ॲशबीने दार धरलं. "जोनेल? इकडे कशी?"

वायलीन पुढे झाली. एप्रनला हात पुसले. "चुकल्यात त्या. बाथरूम शोधत असतील," ती ॲशबीला म्हणाली. मग जोनेलकडे वळून, तोच आवाज, जो ती बावीस वर्षं वापरत होती, "द्या इकडे, मिस. प्लेट द्या, मी घेते."

जोनेलने प्लेटा दिल्या. दोघींची बोटं प्लेटखाली एकमेकींना लागली असणार.

"थँक यू, मॅम," जोनेल म्हणाली आणि ॲशबीबरोबर परत गेली.

वायलीनने प्लेटा मोरीत ठेवल्या, नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. मी नळ बंद केला. जे कधी म्हणणार नाही म्हणाली होती ते तिने म्हटलं होतं, आणि आपणहून. मला रडू आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी कोठीत गेले.

त्यानंतरचा वेळ मोठा वाईट गेला. सही चारनंतर व्हायची होती. आम्ही भांडी घासत होतो आणि घड्याळाकडे बघत नव्हतो. पोरीला फोन करता येत नव्हता. करता आला असता तरी वायलीनने केला नसता. पाच वाजता ती म्हणाली, "झाली असेल सही." मी म्हटलं, "झाली असेल." मग आम्ही एप्रन टांगले आणि मागच्या दाराने गेलो.

रविवारी सकाळी यादी आली. दुपारी मुली मैदानावर पाकिटं उघडतात आणि आपापल्या घराकडे पळत सुटतात, पण कुठल्या घरात कोण येणार ते घरांना सकाळीच कळतं. आणि आमच्या घराची एक रीत आहे. प्रत्येक नव्या मुलीच्या नावाचं एक बिस्किट, वर साखरेच्या पाकाने नाव लिहिलेलं. नावं लिहायची वायलीनने, तिचं अक्षर सुरेख. म्हणून यादी स्वयंपाकघरात येते. साठ नावं, आडनावाच्या क्रमाने.

वायलीनने यादी हातात घेतली आणि मला दिली. "चष्मा नाही आणलेला. तू वाच."

चष्मा तिच्या केसांत होता. एप्रनच्या खिशातून पांढऱ्या कागदाचं टोक दिसत होतं. मिठाच्या डब्यातून तो खिशात आला होता.

"प्रुइटच्या पी-पासून वाचू?" मी विचारलं.

"पहिल्यापासून वाच. बिस्किटं क्रमाने करायचीत."

मी वाचत गेले, ती लिहीत गेली. एबरनेथी. बॅस्किन. कॅलहून. हात स्थिर होता, पण दर नावानंतर ती पाकाची पिशवी खाली ठेवत होती, तसं एरवी करत नाही. हार्डविक. लोव्हेट. मॅबरी. ओवेन्स. पार्टलो. पिकन्स. मी थांबले.

"वाच."

"रॅमसी," मी वाचलं.

तिने लिहायला घेतलेलं 'आर' अर्धंच राहिलं. "मधलं वाच."

"मधे काही नाही, वायलीन. पिकन्सनंतर रॅमसी."

ती स्टुलावर बसली. कामाच्या वेळी तिला बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "त्या दारामुळे," ती म्हणाली. "त्यांनी काढून टाकलं तिला. माझ्याकडे प्लेट घेऊन आली म्हणून काढलं."

मलाही तेच वाटत होतं. तेवढ्यात ॲशबी बिस्किटं बघायला आली. डोळ्याखाली काळं, कारण त्या मुली रात्रभर जागलेल्या असतात. पायरीवरच बसली.

"मिस वायलीन, आज मला कुणी काही विचारू नका," ती म्हणाली. "वर सगळ्यांनी माझं डोकं खाल्लंय. एक मुलगी होती, आमच्या यादीत पहिल्या दहात होती. आम्ही तिला बोलावलं होतं. आणि आली नाही. म्हणजे तिने आमचं नावच कार्डावर लिहिलं नाही. आम्हाला नाही म्हणणारी मुलगी मी ऐकली नव्हती. माझ्या आईने पत्र दिलं होतं तिला."

"कोण?" वायलीनने विचारलं.

"जोनेल प्रुइट. कालची ती, चुकून आत आलेली. कुणाची मुलगी, काय, देव जाणे."

वायलीन स्टुलावरून उठली. "माझी," ती म्हणाली. "माझी मुलगी आहे ती. आणि ती चुकून आत आली नव्हती."

ॲशबी बघतच राहिली. तिच्या मनात काय काय जुळत गेलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं: हौसेने स्वयंपाक करणारी आई, कोण मिस वायलीन, आणि तो चांगल्या घराचा दाखला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मला माहीत नव्हतं, मिस वायलीन."

"माहीत होऊ दिलं नव्हतं," वायलीन म्हणाली. "बिस्किटं दोनला तयार होतील."

ॲशबी गेल्यावर तिने खिशातला कागद काढला. मला वाटलं फाडणार. तिने तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सोमवारचं सामान लिहायला घेतलं. लिंबं त्यात नव्हती, ती आता पुढच्या ऑगस्टलाच.

दुपारी तीन वाजता मुली पळत आल्या. आम्ही मागच्या अंगणाच्या कोपऱ्यावरून पाहत होतो. साठजणी आमच्या हिरवळीवर शिरल्या, किंचाळत, एकमेकींच्या गळ्यात पडत. रस्त्याने पुढे जाणाऱ्या थोड्याच होत्या. त्यांत जोनेल होती. ती पळत नव्हती, चालत होती, आणि चालताना तिने खांबांकडे पाहिलं. मुकाट्याने रडत होती. वायलीनने हात वर केला, पण पोरीने आमच्या कोपऱ्याकडे बघितलंच नाही.

सहीच्या वेळी काय झालं ते पुढे जोनेलनेच मला सांगितलं. सभागृहात ती पाऊण तास पेन धरून बसली होती. शेजारच्या मुली सही करून गेल्या. पहारा देणारी मुलगी दोनदा येऊन उभी राहिली.

"मला खांबांचंच घर हवं होतं, नदीनमावशी. खोटं कशाला बोलू? अजूनही हवंय," ती म्हणाली. "पण लिहायला गेले की मम्माचं ते 'मिस' कानात यायचं. चार वर्षं रोज तीन वेळा ऐकायचं होतं ते."

"आणि विटांचं घर कशाला लिहिलंस? तेही सोडायचं होतंस."

"तिथे पहिल्याच दिवशी एकीने विचारलं होतं, तुझी आई काय करते. मी म्हटलं, स्वयंपाकीण आहे. तिथे मला कुणावर छाप पाडायची नव्हती ना, म्हणून खरं बोलले. ती म्हणाली, तिच्या हातचं काय सगळ्यात चांगलं लागतं? आणि मी तिला दहा मिनिटं केकबद्दल सांगत बसले. त्या रस्त्यावर खरं बोलले होते असं तेवढं एकच घर होतं. एकच नाव लिहिलं. त्यांनी नाही घेतलं असतं तर कुठेच नसते मी."

मायलेकींचं लगेच गोड झालं असं कुणी समजू नये. 'कोण मिस वायलीन' हे वायलीनने ऐकलं होतं, आणि ऐकलं होतं हे जोनेलला ठाऊक नव्हतं. एक दिवस ठाऊक झालं. मीच सांगितलं, मला राहवलं नाही. त्यानंतर सहा आठवडे पोरगी घरी आली नाही. शरमेने. वायलीन मला म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही." ते खरंच आहे.

ऑक्टोबरात विटांच्या घरातून वायलीनला चिठ्ठी आली. रविवारी मुलींच्या आयांना जेवायला बोलावलं होतं. ती नको नको म्हणत होती. मीच तिला गाडीत घातलं आणि सोबत गेले. तिथे गेल्यावर ती सवयीने घराच्या मागच्या बाजूला वळली. मी तिचं कोपर धरून पुढच्या पायऱ्यांकडे आणलं.

जेवण मुलींनीच केलेलं होतं. कोंबडी जरा कोरडी होती आणि पाव फुगलेले नव्हते. वायलीन पाठ ताठ करून खुर्चीच्या काठावर बसली होती, जोनेल तिच्या शेजारी, आणि दोघी मीठ मागण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. इतर आया गप्पा मारत होत्या. जेवण झालं. वायलीनने काट्याने आपली प्लेट खरवडली, माझी तिच्यावर ठेवली, काटे वर आडवे ठेवले आणि उठली. स्वयंपाकघराचं दार कुठे आहे ते तिने आल्याआल्याच हेरून ठेवलं होतं.

जोनेल तिच्या आधी उभी राहिली. सगळ्या आया आणि सगळ्या मुली बघत होत्या. तिने आईच्या हातातल्या प्लेटा धरल्या. वायलीन त्या सोडत नव्हती.

"द्या इकडे, मिस," जोनेल म्हणाली. खोलीभर ऐकू गेलं. "प्लेट द्या, मी घेते. तू बस, मम्मा."

वायलीनची बोटं सुटायला वेळ लागला. मग ती बसली. या खेपेला पाठ टेकवून.